मावशी आज भरलेली आहे

ही गोष्ट खरी आहे, अगदी गळ्याशपथ खरी. तळवट संस्थानात घडली. तळवट नावाचं संस्थान कोकणात कधी नव्हतं, हे कबूल. पण संस्थान नव्हतं म्हणून खाडीच नव्हती असं होत नाही, आणि खाडी होती म्हटल्यावर तिला दोन काठ आलेच. अलीकडे तळवटचा किल्ला. पलीकडे खारबंदर, देसायांचं. दोघांचं पटत नव्हतं. निदान एवढ्यावर तरी कुणी शंका घेऊ नये.

"बाबा, शत्रूच्या होड्यांना वाट दाखवायला आपण रोज तोफेची दारू का जाळायची?"

विचारणारा निळोजी पारसनीस. वय सत्तावीस. तळवटचा नवा वकील, म्हणजे परक्या दरबारात राजाच्या वतीने बोलणारा माणूस. त्याला चार भाषा येत, आणि चारही भाषांत स्वतःचंच बोलणं ऐकायला आवडे.

ज्यांना विचारलं ते दर्याशा फकीर. तरुणपणी तोफेवरचे गोलंदाज, मग पंचवीस वर्षं तळवटचे वकील, मग फकीर. फकीर झाल्यावर माणसं डोंगरात जातात. हे पुन्हा तोफेपाशी येऊन बसले. त्यांनी जमवलेला एकही तह मोडला नाही, असं दोन्ही काठांवरचे लोक सांगत.

बाबा तोफेच्या बत्तीच्या भोकातली काजळी काडीने कोरत होते. मान वर न करता म्हणाले, "ठेवून दिली तर दमट होते."

"मी थट्टा करायला आलेलो नाही."

"मीही नाही. कोकणातली हवा आहे."

तोफेचं नाव मावशी. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली कातळाची एक रांग होती. भरतीचं पाणी तिच्यावर पुरेसं चढलं की होड्या सुखाने आत येत, नाही तर तळ फुटे. पाणी किती चढलं ते समुद्रातून दिसत नसे, बुरुजावरून दिसे. म्हणून दिवसाच्या भरतीला बाबा मावशीचा एक रिकामा बार काढत. बार ऐकला की दोन्ही काठांच्या होड्या शिडं उभारून आत शिरत.

बावीस वर्षं असं चाललं होतं. एका दिवसाचा खंड नाही.

खारबंदरात त्या बारावर भाताची भांडी चुलीवरून उतरत. देसायांच्या आईसाहेब त्या बारावर काढा घेत. देसायांच्या कोंबड्या तर बार झाल्याखेरीज अंडं देत नसत. भरती रोज दोन घटका पुढे सरके, तशी अंडीही सरकत.

निळोजीला मात्र यातलं काही गोड वाटत नव्हतं. महिन्यापूर्वी देसायांनी मिठागरांवर हक्क सांगून तळवटची अकरा माणसं उचलून नेली होती. दहा मिठागरातले कामकरी. अकरावे तिथले कारकून, भास्करपंत, निळोजीच्या बहिणीचे यजमान. मिठागरं सोडा, माणसं न्या असा देसायांचा निरोप होता. मिठागरं सोडली तर निम्मं तळवट उपाशी.

बहीण, सगुणाताई, निळोजीला काहीच बोलत नव्हती. रोज मावशीचा बार झाला की दोन पानं मांडायची. एक निळोजीचं, एक दाजींचं. दाजींच्या पानावर भात वाढायची, आणि निळोजीचं जेवण होईपर्यंत ते पान तसंच ठेवायची.

निळोजीला आता बाराचा आवाज सोसत नव्हता.

"आधी काय केलंस?" बाबांनी विचारलं.

"प्रेमाने गेलो. रेशमी शेला, केवड्याचं अत्तर, आणि आपला गवई घेऊन."

"गाणं आवडलं त्यांना?"

"तीन दिवस ऐकलं. भैरवीला देसाई रडले."

"मग?"

निळोजीने घसा साफ केला. "मग गवईही ठेवून घेतला."

बाबांची काडी थांबली. "म्हणजे आता बारा."

"बारा."

"त्यानंतर?"

"मग मी आवाज चढवला. म्हटलं, देसाई, आमच्या बुरुजावर तोफ आहे हे विसरू नका."

"काय म्हणाले?"

निळोजीचा चेहरा उतरला. "हसले. सगळा दरबार हसला. म्हणाले, ती मावशी होय? तिच्या आवाजावर आमच्या घरी भात उतरतो. ... बाबा, स्पष्ट बोलतो, राग नसावा. तुम्ही तोफेची धास्ती घालवलीत. बावीस वर्षं तिला दवंडी पिटायला लावलीत. आज ती कामाची असती, तर दाजी घरी जेवले असते."

बाबांनी काडी पुसली आणि पुन्हा भोकात घातली.

खाली खाडीचं पाणी नुकतं चढायला लागलं होतं. मार्गशीर्षातली सकाळ. वारा नाही, लाट नाही.

"तुला काय हवंय?" बाबांनी विचारलं.

"गोळा. देसायांच्या माडीवर एक गोळा."

"मावशीचं तोंड कुठे करायचं?"

"सांगितलं ना. माडीकडे."

"आणि भास्करपंत कुठे आहेत?"

"माडीच्या खालच्या कोठारात..."

  काजळी कोरण्याचा तेवढा आवाज.

मग बाबा उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, दोन टप्प्यांत.

"वकीलसाहेब, गोळा आणवा. मागच्या जिन्याने नको. समोरच्या वाटेने, खाडीवरून दिसेल असा. आठ माणसं लावा."

"आठ कशाला? दोघं पुरतात."

"दोघांनी आणला तर गोळा दिसेल. आठांनी आणला तर वजन दिसेल."

निळोजीला हे फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हाताऱ्याचं बोलणं त्याला पटलं होतं. आठ माणसांनी बांबूला झोळी बांधून गोळा वर आणला. वाटेत तीन ठिकाणी दम खाल्ला. दम लागला नव्हता तरी खाल्ला. पलीकडच्या धक्क्यावर माणसं कपाळाला हात लावून बघू लागली.

"आता?" निळोजीचे डोळे चमकत होते.

"आता तू घागरी भर."

"कसल्या घागरी?"

"पाण्याच्या. गोड्या पाण्याच्या. चाळीस होड्या बाहेर उभ्या राहतील. उन्हं चढतील."

"का उभ्या राहतील?"

"गोळा भरलेल्या तोफेने वाट दाखवता येत नाही, निळोबा. आज बार नाही."

निळोजीला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तो म्हणाला, "त्यातल्या पंधरा आपल्या आहेत."

"त्यांनाही तहान लागेल. पण पाणी आधी खारबंदरच्या होड्यांना."

"आधी शत्रूला?"

"आधी."

"बरं. पाठवतो कुणाला तरी."

"कुणाला तरी नाही. तू जायचंस."

निळोजीने आपल्या जरीच्या अंगरख्याकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं.

"तो असू दे अंगावर," बाबा म्हणाले. "दिसला पाहिजे. आणि तिथे दोनच वाक्यं बोलायची. पाणी घ्या, हे एक. विचारलंच तर, मावशी आज भरलेली आहे, हे दुसरं."

"आणि दरबारी मायना?"

"तो घरी ठेव."

तर तळवटचा वकील, जरीचा अंगरखा घातलेला, खांद्यावर घागर घेऊन बुरुजाच्या पायऱ्या उतरला. एक खेप नाही. सोळा घागरी, सोळा खेपा. असा देखावा त्या खाडीने पूर्वी पाहिला नव्हता. मावशीत गोळा भरताना बघायला तो वर नव्हता. तो विहिरीवर होता.

भरती चढत आली. निळोजीचं होडकं हलकं, त्याला कातळाची भीती नव्हती. ते बाहेर पोचलं तेव्हा चाळीस होड्या शिडं उतरवून, नांगर टाकून, किल्ल्याकडे तोंडं करून उभ्या होत्या. कुणी बोलत नव्हतं. सगळे ऐकत होते.

सगळ्यात पुढची होडी खारबंदरच्या धर्मा तांडेलाची. सत्तरीचा म्हातारा, पण कमरेत ताठ.

"मावशीला काय झालं?" त्याने विचारलं.

"पाणी घ्या," निळोजी म्हणाला.

"पाणी घेतो हो. बाराचं काय? मासळी तापायला लागली."

"मावशी आज भरलेली आहे."

धर्माने तोंडाला लावलेली घागर खाली घेतली. "गोळ्याने?"

निळोजीची दोन वाक्यं संपली होती.

"कुणावर?"

आता निळोजीच्या चारही भाषा जिभेवर आल्या. एकेका भाषेत अशी वाक्यं सुचली की ऐकणारा होडीतून पडावा. त्याने ती गिळली आणि दुसरी घागर पुढे केली.

धर्मा तांडेल किल्ल्याकडे बघत राहिला.

"मी वीस वर्षांचा असताना हिचा गोळा पाहिलाय," तो म्हणाला. "आमच्या गलबताची डोलकाठी काडीसारखी गेली. माझा थोरला भाऊ तिच्याखाली होता. ... तेव्हा तोफेवर कोण होतं, ठाऊक आहे?"

"कोण?"

"हाच तुमचा फकीर. तेव्हा फकीर नव्हता."

"ठाऊक नव्हतं."

"आणि आज हे पाणी कुणी पाठवलं?"

"त्यांनीच."

धर्माने घागर पुन्हा उचलली. सावकाश, पोटभर प्याला. मिशा पुसल्या.

"मग भरलेलीच असणार," तो म्हणाला, आणि मागे वळून जावयाला हाक मारली. "लहान होडी सोड रे पाण्यात. देसायांकडे जायचंय."

निळोजीला या बोलण्याचा अर्थ नीटसा लागला नाही. पण त्याने पुढच्या होडीला घागर दिली. मग त्याच्या पुढच्या. खारबंदरच्या पंचवीस होड्या झाल्या, तेव्हा तळवटच्या कोळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बस्स.

"आमची पाळी उद्या का, वकीलसाहेब?" एकाने विचारलं.

"बाबांनी सांगितलंय."

"बाबांनी होय. मग ठीक."

तो बुरुजावर परतला तेव्हा अंगरखा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत भिजलेला होता. बाबांनी त्याच्या हातात दुर्बीण दिली.

पलीकडच्या धक्क्यावर कोळणी टोपल्या घेऊन उभ्या होत्या. मासळी यायची वेळ टळून गेली होती. निळोजीच्या देखत धर्माच्या जावयाची होडी धक्क्याला लागली. तो काहीतरी बोलला. घोळका हलला. सगळ्या जणी देसायांच्या वाड्याकडे चालू लागल्या, आणि पोचल्यावर एकेकीने आपली टोपली दारासमोर पालथी घातली. शंभर तरी असतील. कुणी ओरडत नव्हतं. टोपल्या पालथ्या घालून तिथेच बसल्या.

वाड्याचे नोकर अंगणात येऊन कान देऊन उभे राहत आणि परत आत जात. आईसाहेबांचा काढा निवून गेला असणार.

"या बायकांना आपण शिकवलं?" निळोजीने विचारलं.

"आपण त्यांना फक्त बावीस वर्षं वेळेवर मासळी आणू दिली," बाबा म्हणाले.

निळोजीने दुर्बीण खाली केली. "पण बाबा, अशी माया होती, तर महिनाभर कुणी आपल्या माणसांसाठी बोललं का नाही?"

"मायेला तहान लागायची होती."

वेळ जात होता. भरती आता थांबली होती, थोड्याच घटकांत ओहोटी लागली असती. ओहोटी लागली की होड्या उद्यापर्यंत बाहेर. निळोजी बुरुजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालू लागला. सगुणाताईने आज पानं मांडली असतील का, की ती अजून बाराची वाट बघत असेल? चुलीवरचा भात लागला असेल...

"बस," बाबा म्हणाले.

"बसवत नाही."

"मग दुसऱ्यांदा पाणी नेऊन ये."

तो निघणार तोच पलीकडच्या धक्क्यावरून एक मोठी होडी सुटली. पांढरं निशाण. निळोजीने दुर्बिणीतून माणसं मोजली. नऊ... दहा... अकरावे दाजी, डोक्याला पंचा गुंडाळून. बारावा गवई. देसायांच्या पाहुणचाराने गवई दीडपट झाला होता, म्हणून आधी तो दोन वाटला.

होडी कातळाच्या आत, खाडीतच होती. तिला बाराची गरज नव्हती. बघता बघता अलीकडच्या धक्क्याला लागली. देसायांचा कारभारी उतरला. बुरुजावर आला. धापा टाकत होता.

"देसायांनी माणसं पाठवली आहेत," तो म्हणाला. "मिठागरांचं पुढे बसून बोलू म्हणाले. आणि... आईसाहेब विचारतात, मावशी बरी आहे ना?"

"बरी आहे," बाबा म्हणाले. "आईसाहेबांना सांगा, काढा घ्या."

कारभारी गेला. निळोजीचा ऊर भरून आला होता. त्याला एकदम सगळं कळल्यासारखं झालं, आणि तरुण माणसाला सगळं कळलं की तो हसतो, तसा तो हसला.

"बाबा, मानलं तुम्हाला. आठ माणसं, समोरची वाट, वाटेत दम... आणि मला विहिरीवर धाडलंत. गोळा भरलाच नव्हता ना?"

बाबांनी दारू ठासायचा लांब लाकडी गज उचलून त्याच्या हातात दिला. गजाला एक लाल दोरा बांधलेला होता. नुसती दारू भरलेली असली, की गज त्या दोऱ्यापर्यंत आत जाई.

"बघ," बाबा म्हणाले.

निळोजीने गज मावशीच्या तोंडात सरकवला. हसतच सरकवला.

दोरा आत गेला नाही. गज वीतभर आधीच थांबला. लाकडावर लोखंडाचा ठक्क असा आवाज आला.

निळोजीने पुन्हा दाबून पाहिलं. पुन्हा ठक्क.

"धर्मा तांडेल खोटं ओळखतो," बाबा म्हणाले. "त्याच्या भावाला मी मारलंय."

 निळोजीने गज दोन्ही हातांनी धरून बाहेर काढला.

मग तोफेचं तोंड उघड्या समुद्राकडे, होड्यांपासून दूर वळवलं. या वेळी आठ माणसं खरोखर लागली. बाबांनी बत्ती दिली. गोळा कुठल्या कुठे जाऊन पाण्यात पडला आणि ताडाएवढं पाणी उडालं. बाहेरच्या चाळीस होड्यांतले लोक आडवे झाले. मग मावशी पुसली, थंड केली, नुसत्या दारूने भरली आणि दुसरा बार काढला. रोजचा. होड्यांनी शिडं उभारली. शेवटची होडी आत आली तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं.

त्या दिवशी खारबंदरात लोक दोनदा जेवले.

खाली धक्क्यावर सगुणाताई आली होती. दाजींनी तिला लांबून हात केला. तिने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच घराकडे वळली. पानं मांडायची होती.

निळोजी मात्र खाली गेला नाही. तो तोफेपाशी उभा होता. अंगरखा अजून ओला, खांद्यावर घागरीच्या काठाचा वळ.

"बाबा."

"हं."

"आणि त्यांनी सोडलं नसतं तर?"

"मग गोळा गेला असता," बाबा म्हणाले.

इथे गोष्ट संपते. ऐकणारे खूश होतात, काहींच्या अंगावर काटा येतो. म्हणूनच आता सांगून टाकलेलं बरं: हे शेवटचं उत्तर मी घातलेलं आहे. बाबा तसं बोलले नाहीत.  मावशीचं तोंड फडक्याने पुसत राहिले...

मग त्यांनी निळोजीच्या खांद्यावरच्या वळाकडे पाहिलं.

"मग उद्याही पाणी तूच नेलं असतंस."